माइक न सोडणारे काका

आषाढी पौर्णिमेला विहारातला माइक काकांच्या ताब्यात जातो, तो सुटतो थेट आश्विन पौर्णिमेला. वर्षावासाचे हे तीन महिने रोज रात्री आठ वाजता बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशात दोन पेनं, चष्म्याला दोरी. प्रत्येक वस्तीत असे एक काका असतातच. बहुधा रेल्वे, पोस्ट नाहीतर एसटीतून निवृत्त झालेले.

वाचन पानभर, विवेचन तासभर. अष्टांगिक मार्ग बोटांवर मोजताना सम्यक वाणीपाशी त्यांची गाडी हमखास थांबते. कमी बोलावं, मोजकं बोलावं, दुसऱ्यालाही बोलू द्यावं, हे ते पाऊण तास समजावून सांगतात. मागून एखादी मावशी पुटपुटते, “काका, भाकरी गार झाली असेल.” काका चष्म्यावरून बघतात. “बघा! हीच ती तृष्णा!” एकदा एका पोरानं ‘आज मी वाचतो’ म्हटलं. काकांनी मोठ्या मनानं माइक दिला, वायर मात्र स्वतःच्या हातात ठेवली.

त्यांचं पालुपद एकच: “कारण काय?” कुणी कपाळाला हात लावून ‘नशीब’ म्हणालं की काका उसळतात. जन्म दुःख, मरण दुःख, सगळंच दुःख असेल तर माणसाला आशा कसली, हा प्रश्न बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारलाय, हे त्यांना तोंडपाठ. “दुःख आहे ना? मग कारण शोधा, उपाय करा. रडता काय?”

परवा टँकरवर हंडे उगारले गेले. काका मध्ये घुसले. “ग्रंथात काय लिहिलंय? सिद्धार्थानं घर का सोडलं? रोहिणी नदीच्या पाण्यावरून! शाक्य आणि कोलिय असेच भांडत होते.”

“त्यांनी घर सोडलं, काका. तुम्ही आधी रांग सोडा!”

काका हसले, रांग सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्ड ऑफिसात हजर, हातात साठ सह्यांचा अर्ज.

आमच्या गल्लीत एक गडी पाचवं शील, दारू न पिण्याचं, रोज मोडायचा. काकांनी त्याला प्रवचन दिलं नाही. पगाराच्या दिवशी ते कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहतात आणि त्याला चालत घरी आणतात. रस्ताभर काकाच बोलतात. गुत्त्यात शिरायला त्या बिचाऱ्याला फटच मिळत नाही. पगाराचं पाकीट मात्र बायकोच्या हातात अख्खं पडतं.

माइकची एवढी एक तृष्णा काकांना माफ असावी. दुसऱ्याचं दुःख दिसलं की त्यांना घरात बसवत नाही, आणि धम्म माणसामाणसातल्या योग्य नात्यात असतो असं ग्रंथ सांगतो तो याहून वेगळा नसावा. तुमच्या वस्तीतही असे काका असतील. वर्षावासात त्यांना ऐकायला जरूर जा. फक्त घरून जेवून जा.