अलीकडचे आप्पा

जोडून सुट्टी आली की ती सरकारी कचेऱ्यांच्या आधी आप्पांना कळते. डिसेंबरात नवं कॅलेंडर खिळ्यावर चढलं की पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी लाल तारखा तपासून, शनिवार-रविवारला लागून आलेल्यांभोवती पेनानं कुंपण घातलेलं असतं. रविवारीच येणाऱ्या सुट्टीबद्दल ते सुतक असल्यासारखे बोलतात. "महाराष्ट्र दिन यंदा वाया गेला," हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

असा आप्पा दौंडमध्ये दर चार घरांमागे एक मिळतो. शिरूरला गेलात तर तोच अण्णा या नावानं राहतो. पेन्शन वेळेवर, गुडघे अजून शाबूत, मुलं पुण्याला खराडी-हिंजवडीकडे, आणि दारात एक गाडी, जिच्यात सात माणसं बसतात हे आप्पांना मान्य आहे, गाडीला नाही. मी सांगतोय ते आमच्या शेजारचे. रेल्वेत गार्ड होते. 2022 साली रेल्वेनं गार्डचा 'ट्रेन मॅनेजर' केला, पण तोवर हे निवृत्त झालेले. हुकलेल्या मॅनेजरकीची भरपाई ते घरच्यांवर करतात. शिट्टी अजून जवळ आहे. सहलीच्या दिवशी पहाटे सहाला ती वाजते, आणि नऊ-सव्वानऊला गाडी हलते.

आप्पांच्या सहलीला अट एकच: ठिकाण आपल्या तालुक्यातलं पाहिजे.

ही अट एका साखरपुड्यात जन्मली. पुण्यातल्या कुठल्याशा हॉलमध्ये मुलाकडच्या एका गृहस्थांनी आइस्क्रीम खाता खाता, अगदी सहज, विचारलं, "दौंडला स्टेशन सोडून पाहण्यासारखं काय आहे हो?" आप्पांचा चमचा वाटीतच राहिला. प्रश्नात खोट काहीच नव्हती, म्हणून तो जास्त लागला. 1878 मध्ये मनमाडकडची लाइन सुरू झाली तेव्हापासून (इंग्रज तेव्हा 'धोंड' लिहायचे) लोकांनी आमचं गाव पाहिलंय ते फलाटावरून. इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागेपर्यंत चहा प्यायचा, बाटली भरायची आणि "अजून दौंडच का?" म्हणून कूस बदलायची. आता कॉर्ड लाइन झाल्यावर काही गाड्या तेवढाही पाहुणचार घेत नाहीत, बाहेरच्या बाहेर वळतात.

त्या रात्री आप्पांनी वही घातली. रेल्वेचं जुनं रजिस्टर, लाल कापडी पाठ. रकाने आखले: ठिकाण, तालुका, किलोमीटर, चढ, सावली, गर्दी. सगळ्यात शेवटी काकूंनी निळ्या शाईत आपला एक रकाना जोडलाय. त्यावर एकच शब्द आहे, 'सोय'. हा रकाना भरल्याशिवाय काकू गाडीत बसत नाहीत. लोक म्हणतात वारसास्थळ निवडताना शिल्प बघावं, इतिहास बघावा. आमच्याकडे घराघरातले निर्णय या निळ्या रकान्यावर होतात, आणि त्यात बायकांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

पण आप्पांची झोप उडवली ती दुसऱ्या रकान्यानं. देवानं दौंड-शिरूरला नद्या भरपूर दिल्या, आणि पाहण्यासारखं जे काही होतं ते नेमकं पलीकडच्या काठावर ठेवलं.

सिद्धटेक घ्या. शिरापूरपर्यंत रस्ता आपला, भीमेचं निम्मं पात्र आपलं, आणि सिद्धिविनायक मात्र कर्जत तालुक्यात, नगर जिल्ह्यात. ("आता अहिल्यानगर म्हणायचं," काकू मागच्या सीटवरून.) पूर्वी शिरापूरहून होडीनं पलीकडे जायचे. पूल झाला आणि आप्पांना चुटपुट लागली, कारण होडीत बसेपर्यंत तरी माणूस दौंड तालुक्यात असायचा. देऊळ टेकडीला टेकलेलं, म्हणून प्रदक्षिणा घालायची तर सगळ्या टेकडीला घालावी लागते. बाभळी, दगड, मध्येच नदी दिसते. चालायला इतकी सुरेख वाट आसपास दुसरी नाही. आप्पा ती भक्तिभावानं चालतात आणि वहीत नोंद करतात: 'चालणे उत्तम. परतालुका.'

तीच गत पेडगावच्या बहादुरगडाची. बहादूरखान कोकलताशानं भीमेच्या काठावर वसवलेला किल्ला, आत लक्ष्मीनारायणाचं देखणं मंदिर. संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबासमोर उभं केलं ते इथेच, 1689 साली. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. तालुका श्रीगोंदा. भुलेश्वराला तर नदीचंही निमित्त नाही. यवतला हायवे सोडायचा, आपल्या तालुक्यातून डोंगराला लागायचं, आणि वर पोचलं की पुरंदर. आत काळोख्या प्रदक्षिणामार्गात यादवकाळातली शिल्पं आहेत, गणपतीचं स्त्रीरूपही कोरलंय. पिंडीखालच्या खळग्यात पेढे ठेवले की त्यातला एक नाहीसा होतो असं लोक मानतात. आप्पांनी एकदा मोजून पाच ठेवले होते. चार परत आले. "गेला तो पुरंदरला गेला," असं म्हणून त्यांनी उरलेले वाटले. रोहित पक्षी पाहावेत तर भिगवण इंदापुरात. चिंकारा पाहावं तर मयूरेश्वर अभयारण्य बारामतीत. उजनीचं पाणी खानवट्याला आपल्या हद्दीत शिरतं, म्हणून आप्पा तिथल्या बांधावर दुर्बीण घेऊन बसतात. रोहित उडत अलीकडे आला की तो दौंडचा.

शिरूरचे अण्णा हे आप्पांचे व्याही. त्यांचंही दुखणं हेच, फक्त नदी वेगळी. निघोजचे रांजणखळगे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. कुकडीच्या पुरात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी काळ्या कातळाला भोकं पाडत पाडत रांजणाएवढे खोल खड्डे कोरले. पण पात्राच्या अलीकडे आहे टाकळी हाजी, म्हणजे शिरूर. पलीकडे निघोज, म्हणजे पारनेर. मळगंगेचं देऊळ दोन्ही काठांवर, नाव मात्र एकाच काठाला मिळालं. अण्णा टाकळीच्या बाजूनं उभे राहून छत्रीच्या टोकानं दाखवतात, "हा खोल दिसतो ना, तो आपला. तो शेवाळलेला त्यांचा." कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात, पण 1818 च्या लढाईचा जयस्तंभ भीमेच्या पुण्याकडच्या बाजूला पेरण्यात, म्हणजे हवेलीत.

एका ठिकाणी मात्र दोघं हद्दीचा विषय काढत नाहीत. तुळापूर हवेलीत, वढू बुद्रुक शिरूरमध्ये. वढूला संभाजी महाराजांच्या समाधीशी आप्पा चपला काढतात, वही गाडीतच ठेवतात, आणि परत येईपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.

अण्णांकडे हुकमाचं पान एकच, पण ते एक्क्याचं: रांजणगावचा महागणपती. अष्टविनायकातला, शिरूर तालुक्यातला, मध्ये नदी नाही, वाद नाही. दर संकष्टीला त्यांचा फोन येतो, "दर्शनाला येताय का? आमच्या तालुक्यात?" आप्पांकडे उत्तर नसतं असं नाही. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, कुरकुंभला फिरंगाई आहे, तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला आली की सगळ्या गावाचं पिठलं-भाकरी असतं. पण यातलं पिठलं वर्षातून एकदाच शिजतं. वहीत चौफुल्याचंही नाव आहे.

"तिथं काय आहे?" काकूंनी विचारलं होतं.

"बोरमलनाथाचं मंदिर."

"ते मला माहीत आहे. आणखी?"

आप्पा म्हणाले, आणखी विशेष काही नाही. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत रात्री ढोलकी कडाडते हे दौंडच्या लहान पोरालाही माहीत आहे, पण तो रकाना वहीत कायमचा कोरा राहिला.

सहली फसतात त्याही एका ठरीव पद्धतीनं. मोराची चिंचोली ही पहाटे पाहायची जागा. ऊन चढलं की मोर चिंचेच्या दाट सावलीत गडप होतात. आप्पांचा काफिला अकराला पोचला. मोर दिसला, एकच, एका भिंतीवर रंगवलेला. पाबळला मस्तानीच्या समाधीवर नातीनं चौफेर पाहिलं आणि विचारलं, "आरसेमहाल कुठाय?" 2015 च्या चित्रपटानं तिच्या डोळ्यांत झुंबरं भरलेली. इथे एक साधी कबर आणि भोवती दगडी भिंत. आप्पांनी समजावलं की पाबळ, केंदूर ही मस्तानीला दिलेली गावं. ज्या 1740 साली बाजीराव गेला त्याच साली तीही गेली. नात म्हणाली, "मग नाचली कुठं?" परतीच्या वाटेवर अण्णा बराच वेळ गप्प होते.

मागच्या थंडीत शनिवार, रविवार, सोमवार असं घबाड लागलं, आणि दोन्ही व्याह्यांनी मिळून एकच सहल काढायची ठरवली. तीन दिवस फोन चालू होते. रांजणगावला आप्पांचा नकार, सिद्धटेकला अण्णांचा. शेवटी अण्णांनी इनामगावचं नाव काढलं. घोडनदीचा काठ आणि शिरूर तालुका, दोन्ही आहेत, आणि जागा पलीकडे नाही, अलीकडे. आप्पांनी वही चाळली, चष्मा वर केला आणि मान्य केलं, "तिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वी वस्ती होती. तेव्हा तालुके नव्हते. चालेल."

शिट्टी सहाला वाजली. नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. न्हावऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे सरपटत गेलो आणि साडेदहाच्या सुमाराला पोचलो. पोचलो म्हणजे एका शेताच्या कडेला उभे राहिलो. काळी जमीन, जराशी उंचावलेली, खाली नदीची रेघ. दरवाजा नाही, बुरूज नाही, कमान नाही.

"कुठाय?" नातीनं विचारलं.

बैलगाडी जुंपत असलेल्या एका शेतकऱ्यानं हातानंच दाखवलं. "ते डेक्कन कालेजवालं ना? माझा बाप व्हता की त्यांच्याकडं खोदायला. ह्येच ते. उभाय तिथंच."

खरं सांगतो, सहलीसाठी याहून वाईट जागा नाही आणि अभिमान धरायला याहून मोठी नाही. 1968 पासून बारा-चौदा हंगाम सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या मंडळींनी इथली माती थर-थर उलगडली. शंभरावर घरं निघाली, आधी चौकोनी ऐसपैस, पुढे दुष्काळ आले तशी गोल आणि लहान. जवाची शेती, धान्याची कोठारं, पाण्याचा पाट. आप्पा उन्हात उभं राहून वहीतून हे सगळं वाचत होते. शिट्टी खिशात होती, आवाज नेहमीपेक्षा हळू. "या सगळ्याला जोर्वे संस्कृती म्हणतात," ते म्हणाले.

"जोर्वे कुठं आलं?" अण्णा.

आप्पांनी वहीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "संगमनेरजवळ."

"म्हणजे नगर?"

"नगर."

अण्णांनी छत्री मातीत रोवली. आख्ख्या दोन तालुक्यांत अलीकडच्या काठाला एकच जागा सापडली होती, तर संस्कृतीचं नाव पलीकडच्यांनी नेलं.

वातावरण निवळावं म्हणून आप्पा पुढे वाचू लागले. इथली माणसं आपल्या मेलेल्यांना घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्यांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले सापडतात. मेलेला माणूस घर सोडून भटकू नये म्हणून असावं, असं अभ्यासकांना वाटतं.

काकू धपाट्यांचा डबा उघडत होत्या. त्यांनी हात थांबवून आप्पांच्या पायांकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मेल्यावर कशाला थांबायचे?"

अण्णांना ठसका लागला.

धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक झाल्यावर नात बांधावरून काहीतरी घेऊन आली. खापरीचा तुकडा, दोन बोटांएवढा, तांबूस, त्यावर काळ्या रंगाची एक तिरकी रेघ. मडकं घडवणाऱ्याचा हात अर्ध्यात हलला असावा अशी किंचित वाकलेली. आप्पांनी रुमालानं माती पुसली, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. आत बोटं फिरल्याच्या बारीक कडा अजून जाणवत होत्या. अण्णांनीही हातात घेतला. दोघंही काही बोलले नाहीत. मग आप्पांनी नातीला विचारलं, "कुठून उचललास?" आणि तिच्याबरोबर जाऊन तो जिथल्या तिथे, त्याच खळगीत, रेघ वर करून ठेवला. येऊन वही उघडली. ठिकाण: इनामगाव. किलोमीटर लिहिले, सावली 'नाही' लिहिलं, गर्दी 'नाही' लिहिलं.

"सोय?" काकूंनी विचारलं.

आप्पांनी पेनानं शेजारच्या उसाकडे बोट केलं.

बैलगाडीवाला ओरडला, "मावशी, उसाकडं नगा जाऊ! परवाच बिबट्या दिसलाय." आमच्याकडे हे थट्टेत कुणी म्हणत नाही. शिरूरच्या पट्ट्यात लोक दिवसासुद्धा पोराला एकटं शेतात धाडत नाहीत. काकू क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी डबा बंद केला, नातीचा दंड धरला, आप्पांच्या खिशात हात घालून शिट्टी काढली आणि स्वतःच वाजवली.

परतीची वेळ दीडची ठरली होती. गाडी पावणेबाराला सुटली. आप्पांच्या सगळ्या नोकरीत आणि पेन्शनीत वेळेआधी सुटलेली ती पहिली गाडी.