जाकीटधारी निमंत्रित

पुण्याच्या मंगल कार्यालयांत लग्नाला येणाऱ्या पुरुषांचे वेशभूषेवरून जे प्रकार पाडता येतात, त्यांत संख्येने सर्वांत मोठा आणि समाजशास्त्राने सर्वांत उपेक्षिलेला प्रकार जाकीटधारी गृहस्थाचा होय. नेहरू शर्ट, म्हणजे मांड्या झाकणारा सैल लांब सदरा, आणि त्यावर बिनबाह्यांचे जाकीट हा त्याचा गणवेश असून पन्नाशीनंतर तो सहसा बदलत नाही.

वेश ठरवताना हा गृहस्थ मुहूर्ताची वेळ किंवा यजमानाची ऐपत आधी पाहत नाही. तो प्रथम नाते मोजतो. सख्ख्या भाचीच्या लग्नाला रेशमी नेहरू शर्ट निघतो, चुलत मेहुण्याच्या मुलासाठी सुती पुरतो, आणि सोसायटीतील शेजाऱ्याच्या घरचे कार्य असेल तर ऑफिसच्या शर्टावरच जाकीट चढवून भागवले जाते. स्वागत समारंभास, म्हणजे लग्न लागल्यावर बहुधा सायंकाळी होणाऱ्या भेटीगाठींच्या कार्यक्रमास, सूट शोभतो हे त्याला मान्य असते; परंतु स्वतःच्या लग्नात सासरहून आलेल्या एकमेव सुटाचे बटण लागेनासे झाल्यापासून पुण्याच्या हवेला सूट मानवत नाही, असा सिद्धांत त्याने मांडला आहे.

त्याची जाकिटावरील निष्ठा मात्र निव्वळ सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही. जाकीट घातले की सदऱ्याच्या फक्त बाह्या, गळा आणि खालचा घेर दिसतो, सबब इस्त्री तेवढ्याच भागाला करावी लागते. गडद रंगामुळे अळूच्या भाजीचा थेंब लपतो. आणि आतल्या खिशात एक रुपयाचे नाणे चिकटवलेले आहेराचे पाकीट मावते. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असले तरी ते पाकीट सोबत असतेच, कारण ही विनंती कितपत गांभीर्याने घ्यायची हे रांगेत पुढे उभ्या असलेल्यांचे हात पाहूनच ठरवायचे असते. अलीकडे पत्नीच्या साडीला जुळणारे खणाचे जाकीट लक्ष्मी रस्त्यावरून घरी येते. त्या खरेदीत त्याचे मत विचारलेले नसते.

मस्तकाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे एखादी वस्तू विशिष्ट प्रदेशाचीच असल्याची कायदेशीर मान्यता, मिळाले. तथापि हा पुणेकर ती लग्नात घालत नाही, कारण पगडी सत्कारमूर्तींसाठी राखीव असते, असे तो मानतो. (शिवाय 2018 मध्ये शरद पवार यांनी पुण्यातच पुणेरी पगडीऐवजी फुले पगडीचा, म्हणजे महात्मा फुले घालत तशा पगडीचा, आग्रह धरल्यापासून पगडी कोणती, हा विषय जेवणे होईपर्यंत काढू नये, एवढे तारतम्य त्याच्यापाशी आहे.) फेट्याचे तसे नाही. प्रवेशद्वारी फेटेवाला मानकऱ्यांना, म्हणजे यजमानाने मानास पात्र ठरवलेल्या आप्तांना, फेटे बांधत असतो, आणि आपला गृहस्थ मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचे वाचत नेमका तेथेच रेंगाळतो. आग्रह झाल्यावर तो दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा मान पुढे करतो, आणि मग तो फेटा दुचाकीवरून घरी पोहोचेपर्यंत उतरवत नाही. फेट्यावर हेल्मेट बसत नाही ही सबब पुणेकराला मनापासून प्रिय असते.

पादत्राणांच्या बाबतीत तो विरक्त आहे. कोऱ्या कोल्हापुरी चपला तो घरीच ठेवतो आणि झिजलेल्या घालून येतो, कारण अक्षता टाकताना काढलेल्या चपला परत सापडतीलच याची हमी कार्यालयाचा व्यवस्थापक घेत नाही, तशी पाटीच तेथे लावलेली असते.

जाकीट ड्रायक्लीनिंगला मात्र चातुर्मासातच, म्हणजे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, द्यायचे, कारण त्या काळात परंपरेने विवाह होत नाहीत, असा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. पंचांगांत गौणकाळाचेही, म्हणजे अशा एरवी वर्ज्य मानलेल्या दिवसांतलेही, मुहूर्त छापले जाऊ लागल्यापासून ते धुवायचे केव्हा, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.