एक दात कमी

आमच्या सोसायटीतले भाऊ कागदोपत्री तिसऱ्या मजल्यावर राहतात. लाइट बिल तिथलंच येतं, वहिनीही तिथंच असतात. पण भाऊंना भेटायचं असेल तर बेल वाजवण्यात अर्थ नाही. जिन्याखालच्या पार्किंगमध्ये जावं. तिथे जुन्या चादरीवर नट-बोल्ट ओळीने मांडलेले असतात आणि त्यांच्यामागे भाऊ उकिडवे बसलेले असतात. बँकेत नोकरीही आहे म्हणतात. ती मधल्या वेळात उरकतात.

भाऊंची मोटारसायकल एक्सपल्स. डांबरावर पळावी आणि दगडधोंड्यांतूनही निघावी अशा बेताने बांधलेली. पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, पुढच्या शॉकअपला १९० मिलिमीटरचा खेळ. २०१९ साली ती बाजारात आली तेव्हा कार्बोरेटरवाली आणि फ्युएल इंजेक्शनवाली अशी दोन्ही मिळायची. शोरूममधल्या पोराने इंजेक्शनचे गुण गायले : थंडीत लगेच सुरू होते, उंचावर हवा विरळ झाली तरी पेट्रोलचं प्रमाण आपलं आपण जुळवून घेते. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कार्बोरेटरवाली घेतली. ‘‘सगळं स्वतःच करणार असेल तर आपण हात कुठे घालायचा?’’

मग हात घालणं सुरू झालं. आधी इंजिनखाली बॅशप्लेट आली. मग हँडगार्ड, क्रॅशगार्ड, मागे कॅरियर, कॅरियरच्या दोन्ही अंगांना जेरीकॅन. आमच्या गेटपासून पेट्रोल पंप दिसतो, हे इथे नमूद करायला हवं. मूळची दीडशे किलोच्या आसपासची गाडी या दागिन्यांनी इतकी जड झाली, की भाऊ आता वजन कमी करण्याच्या मागे लागले. नाना पेठ पालथी घातली, जुना बाजार धुंडाळला, ॲल्युमिनियमचे बोल्ट आणले. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर आळीपाळीने तोलले आणि सात ग्रॅम वाचल्याची बातमी मला फोन करून दिली. भाऊंचं स्वतःचं वजन नव्वदच्या पुढे आहे. तो विषय गाडीच्या संदर्भात कोणी काढत नाही.

एकदा लिफ्टमध्ये म्हणाले, ‘‘पुढचा एक दात कमी केला.’’ लिफ्टमधल्या आजींनी काळजीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ‘‘फार दुखत होता का रे?’’ भाऊंनी दोन मजल्यांत स्प्रॉकेटचं शास्त्र सांगितलं : पुढच्या चक्राला एक दात कमी असला, की गाडी चढावर जोर धरते, सपाटीवर मात्र पळते कमी. आजी विचारात पडल्या. त्यांचे सगळेच दात गेले होते आणि चढावर जोर आल्याचा त्यांना काही अनुभव नव्हता.

चेन दर पाचशे किलोमीटरला धुवायची असते. तेवढे किलोमीटर होत नाहीत म्हणून भाऊ दर रविवारी धुतात. मुद्दाम घातलेली ओ-रिंगवाली चेन. तिला पेट्रोल चालत नाही, आतली रबरं खराब होतात. रॉकेल लागतं. शहरात आज रॉकेल मिळवणं ही खरी साहसी मोहीम, आणि ती भाऊंनी अनेकदा फत्ते केलेली आहे. मग मऊ ब्रश, कोरडं फडकं, नव्वद नंबरचं गिअर ऑइल. नट आवळायला टॉर्क रेंच. आपल्याकडे नट आवळण्याचं माप एकच, मेकॅनिकच्या मानेची शीर फुगेपर्यंत. भाऊ न्यूटन-मीटरमध्ये आवळतात. वहिनींनी एकदा लोणच्याची बरणी उघडायला खाली पाठवली, तर उघडून दिली आणि वर निरोप धाडला, ‘‘परत लावताना किती आवळायची?’’

पंक्चरचा प्रसंग मात्र सोसायटीच्या इतिहासात नोंदला गेला. या गाडीची चाकं आऱ्यांची, म्हणजे आत ट्यूब. वाटेत पंक्चर झालं तर चाक उतरवून टायर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. सराव हवा म्हणून भाऊंनी धडधाकट चाक उतरवलं. साबणाचं पाणी लावलं, लोखंडी पट्ट्यांनी टायर काढला, पुन्हा चढवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हवा भरली आणि सुस्स झालं. टायर चढवताना पट्टीत ट्यूब चिमटली होती. पॅच संपलेले. चाक खांद्यावर टाकून भाऊ कोपऱ्यावर गेले. पंक्चरवाल्याने भोक बघितलं आणि विचारलं, ‘‘पट्टी लागलीये साहेब. कुणी केलं हे?’’

‘‘होता एक मेकॅनिक,’’ भाऊ म्हणाले.

‘हा माणूस कधी कुठे जाणार नाही,’ अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. पण भाऊ स्पितीला गेले. रेल्वेच्या नियमाप्रमाणे टाकी रिकामी करून, गाडी गोणपाटात गुंडाळून चंदीगडपर्यंत पाठवली आणि तिथून पुढे चालवत नेली. सोबत क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, दोन्ही लिव्हर, दोन ट्यूब, चेनच्या कड्या, बारीक छिद्राचे जेट, एम-सील आणि बाइंडिंग वायरचं भेंडोळं. कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरच्या वर. पुढे बातल ते ग्राम्फू हा रस्ता म्हणजे वाहत्या नाल्यांत टाकलेले धोंडे.

परत आले ते तोंड पाडूनच. मी घाबरून विचारलं, ‘‘काय झालं?’’

‘‘काहीच झालं नाही,’’ भाऊ म्हणाले. ‘‘एक केबल तुटली नाही. एक पंक्चर नाही. आरासुद्धा सैल झाला नाही हो!’’

काझाच्या पंपावर, ३७४० मीटर उंचीची पाटी लावलेली आहे तिथे, बाजूला बसून त्यांनी कार्बोरेटरचा जेट तेवढा बदलला. उंचावर हवा विरळ, पेट्रोल जास्त पडतं, म्हणून बारीक जेट. शास्त्र बरोबरच आहे. गाडी त्याआधीही चालत होती, ही गोष्ट वेगळी. बातलच्या पुढे एका मुलाची क्लच केबल तुटलेली दिसली तेव्हा भाऊंना धन्य वाटलं. सामान सोडलं, केबल काढली. गाडी दुसऱ्या बनावटीची, केबल तोकडी पडली. भाऊ बाइंडिंग वायर उलगडत होते तेवढ्यात एका टेम्पोवाल्याने त्या मुलाला गाडीसकट उचलून नेलं.

सध्या भाऊंनी गाडी पूर्ण उघडली आहे. बाहेरून काही तुटलं नाही, तेव्हा आतून काहीतरी तुटायच्या बेतात असणार असा त्यांचा कयास आहे. आमच्याकडे कधी आलात आणि तुमचा एखादा नट ढिला झाला असेल, तर भाऊंकडे पाना खुशाल मागा. हवा तो पाना मिळेल, नट योग्य मापात आवळूनही मिळेल. फक्त चादरीवरच्या कुठल्या वस्तूकडे बोट दाखवून ‘हे काय?’ असं विचारू नका. जेवणं खोळंबतात.