दोन ते पाच वयोगटातील मायबाप रसिकांना खुले पत्र

बालरसिकहो, स. न. वि. वि.

चिमुकल्यांसाठीच्या गाण्या-नाचाच्या प्रयोगांना आपण येता, याचा कोल्हापूरच्या जाणत्या रसिकवर्गाला आनंदच आहे. तक्रार एवढीच, की आपण बसत नाही. खुर्चीवर उभे राहता. चेटकीण आली की आईच्या ओढणीत तोंड खुपसता आणि ती गेली की तिला परत आणा म्हणून भोकाड पसरता. कुणी तर पायातला बूट काढून शेजारच्या अनोळखी आजोबांच्या मांडीवर ठेवतो.

गाव कुठले, याचे तरी भान ठेवावे! शाहू महाराजांनी १९१५ मध्ये इथे पॅलेस थिएटर उभारले; पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळाले तेव्हा सारे गाव हळहळले. अशा गावात तिसऱ्या घंटेनंतर ‘शू आली’ हा पुकारा?

काही खोडसाळ मंडळी सांगतात, की केशवराव स्वतः पोरवयातच रंगमंचावर उभे राहिले आणि शारदेच्या भूमिकेत गाजले. शिवाय तेव्हाचे प्रेक्षक वन्समोअर घेऊन घेऊन रात्र जागवत. असेल. पण दंगा थोरांनी केला तर तो रसिकपणा, आपण केला तर कार्टेपणा.

आपले लाड सुरू झाले ते मुंबईत. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ आणले. मतकरींचेच ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये पुन्हा आले, वैभव मांगले चेटकीण झाले. इटलीतल्या बोलोन्यात ‘ला बाराक्का’ ही मंडळी तर १९८७ पासून पाळणाघरातल्या बाळांसाठी नाटके करते. अशा प्रयोगांत प्रेक्षक मोजके, काळोख बेताचा, खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. कुणी रांगत पुढे आले तरी नट बिचकत नाहीत.

इथे तसे चालायचे नाही. आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे दोन शब्द. तोवर आपली झोपेची वेळ टळते. त्यानंतर मिट्ट काळोख आणि छातीत धडधडणारा स्पीकर. आपण रडलात की माइकवरून सूचना येते: रडणाऱ्या मुलांना बाहेर न्यावे. ज्यांच्यासाठी खेळ ते सगळे बाहेर गेले, की प्रयोग काय शांततेत रंगतो!

तरी पुढच्या खेपेपूर्वी सत्कार संपेपर्यंत मांडी घालून बसण्याचा घरी सराव करावा. मध्येच मोबाइल खणखणला तर दचकू नये. तो आपल्या बाबांचा असेल. ते तिथेच बोलतील.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पहिल्या रांगेतले पासवाले