टेक ऑफ सर

जयपूरला टोंक रोडवर सांगानेर मागं टाकलं की प्रतापनगर लागतं. हाउसिंग बोर्डाची वसाहत. पत्ते सेक्टरच्या आकड्यांत आणि रस्त्यांची नावं हळदीघाटी मार्ग, कुंभा मार्ग अशी, की भाजीला निघालेल्या माणसानंही तलवार चाचपावी. सध्याची लढाई मात्र सरकारी नोकरीसाठी. त्यासाठी बोर्डानं इथं चक्क कोचिंग हब उभारलं आहे. आमचे सर हबमधले नव्हेत. ते किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावरचे.

ही जातच वेगळी. खिशाला दोन रंगांचे मार्कर, फळ्याइतकीच शाई बाहीवर, आणि दर वाक्याअखेर "समझे कि नहीं?" समोर टोंक, दौसा, करौलीहून आलेली पोरं. एसएससीच्या, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाच्या, सीजीएल परीक्षेत पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे 25 प्रश्न. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं की अर्धा वजा. त्यात फ्रेजल व्हर्बचा, म्हणजे शेपूट लावून अर्थ पालटलेल्या क्रियापदांचा, वाटा तो किती! पण सर त्यावर महिना काढतात. काळ आणि वचन कुणीही शिकवील, हे मात्र सरांचं वतन.

त्यातही जीव 'टेक ऑफ'वर. सांगानेरचा विमानतळ जवळच. डोक्यावरून विमान घरघरत गेलं की सर बोलणं तोडून मार्कर छताकडे रोखतात आणि पोरं एका सुरात ओरडतात, "पहिला अर्थ!" दुसरा अर्थ दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगात असतो: काढणे. हजेरीत गैरहजर सापडला की तिसरा: सुट्टी घेणे. फीमध्ये सूट मागणाऱ्या बापाला ते चौथा अर्थ उदाहरणासह समजावतात. सूट देत नाहीत. एकदा त्यांची नक्कल करणारा पोरगा रंगेहाथ सापडला. सगळा वर्ग गार. सर म्हणाले, "शाबाश! पाचवा." धंद्यानं एकदम जोर धरणे हा सहावा अर्थ ते जरा हळू आवाजात सांगतात. घरमालक खालीच राहतो.

सरांचा कैवार घ्यायला एक मोठा माणूस आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सननी 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलं आहे, की क्रियापदामागची ही शेपटं परक्यांना फार छळतात. सर हे अशा थाटात सांगतात, जणू जॉन्सन पलीकडच्या सेक्टरात राहतात. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रुळायला मात्र 1925 मधलं लोगन पिअरसल स्मिथ यांचं पुस्तक यावं लागलं. तोवर इंग्रज बिननावानंच बोलत होते. सरांच्या पोरांना नाव पाठ आहे. बोलायचं नोकरी मिळाल्यावर बघू.

मी शेजारी राहणारा मराठी माणूस. परवा जिन्यात सरांनी जरा कीव करतच विचारलं, "आपकी मराठी में ऐसा कुछ है?"

मी म्हटलं, "भूक लागते. ठेच लागते. नोकरी लागते. दार लागतं. नाद लागतो. विहिरीला पाणी लागतं."

सर मटकन पायरीवर बसले. माझ्या हातातलं वर्तमानपत्र ओढून त्याच्या कडेला आकडे टाकू लागले. सहावर अडले.

"और?"

"ऊन लागतं. खर्च लागतो. शिवाय तो रडायला लागला म्हणजे सुरुवात, आणि मला जावं लागलं म्हणजे सक्ती."

दहाचा आकडा गोल करून सरांनी वर पाहिलं. डोळ्यांत पाणी की चमक, कळेना.

"नेगेटिव मार्किंग है इसमें?"