शास्त्र्यांच्या सुनेचे उद्योग

शिव शिव शिव! नवरा-बायकोनं मिळून काय करावं? सत्यनारायण करावा, फार तर ब्रह्मगिरीची फेरी मारावी. पण विलायतेतलं ते कोल जोडपं, जी. डी. एच. आणि मार्गारेट, १९२५पासून मिळून खून पाडत होतं! रहस्यकथांच्या कागदावर का होईना, खूनच ना? नवरा ऑक्सफर्डातला समाजवादी पंडित, आणि मुखपृष्ठावर दोघांची नावं. बरं, पुस्तक म्हणे बहुतेकदा एकटाच कुणीतरी लिहायचा!

पण विलायतेला कशाला नावं ठेवायची? आपल्या त्र्यंबकातलेच दाजीशास्त्री फाळके घ्या. त्यांचा धुंडिराज इथलाच, जन्म १८७०चा. शास्त्र्याच्या पोरानं पोथी धरावी, तर यानं मुंबईत येशूचं हलतं चित्र पाहिलं. एवढ्यावर भागलं नाही, पुन्हा गेला तो बायकोला घेऊन! मग विम्यावर कर्ज काढून १९१२त लंडन गाठलं, कॅमेरा आणला. पुढे बायकोचे, म्हणजे सरस्वतीबाईंचे, दागिनेही त्यातच गेले. आमच्या घरी नुसती नथ मागून बघा, चार दिवस चहा मिळणार नाही.

आणि या बाई रात्री अंधाऱ्या खोलीत काय करायच्या, ठाऊक आहे? भलतं मनात आणू नका! कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या. उजेडाचा कवडसा आला की फिल्म वाया, म्हणून सगळं चाचपडत. दिवसा अख्ख्या ताफ्याचं रांधायचं, वर पांढरी चादर धरून उन्हात उभं राहायचं, नटाच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. नाव मात्र फाळक्यांचं हो, अगदी एकट्याचं.

३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामती व्हायला बाई मिळेना, कलावंतिणींनीसुद्धा कानावर हात ठेवले. शेवटी खानावळीतला अण्णा साळुंके लुगडं नेसला! १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर हाच राम आणि हाच सीता. म्हणजे रामराय रडले ते स्वतःच्याच विरहात. तरी लोक वेडे! पडद्यावर राम आला की पायातल्या चपला काढायचे, असं सांगतात.

अंधारात शेकडो माणसांनी काढलेल्या चपला हो! आमच्या देवळापुढे श्रावणी सोमवारी भर उजेडात जोड जुळत नाही. तिथं कोण कुणाच्या घालून घरी गेलं, हा तपास त्या कोल जोडप्याकडेच द्यायला हवा होता.