तिरक्या रेषेचं भांडण

दोन सख्ख्या भावांचं बांधावरून वाजलं, तर आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. बांध म्हणजे शेवटी एक रेषच. ती हातभर इकडची तिकडे झाली की तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. पण त्या रेषेच्या पोटात निदान चार पायली ज्वारी तरी असते. पीट माँद्रियान आणि थिओ व्हान डूसबर्ग या दोन डच चित्रकारांचं ज्या रेषेवरून बिनसलं, तिच्यात ज्वारीचा एक दाणा नव्हता. ती कॅनव्हासवरची रेष होती आणि तिचा अपराध एवढाच, की ती तिरकी होती.

डूसबर्गने १९१७ साली ‘द स्टाइल’ नावाचं मासिक काढलं आणि त्याच्याभोवती चित्रकार, वास्तुरचनाकार, कवी असा गोतावळा जमला. माँद्रियान त्यांच्यातला सगळ्यांत कर्मठ. चित्रात फक्त उभी आणि आडवी रेष. रंग फक्त लाल, पिवळा, निळा. जोडीला काळा, पांढरा, करडा. बाकी सगळं सोवळ्याबाहेर. हिरवा तर त्याला डोळ्यांसमोर नको असे. पॅरिसच्या स्टुडिओत त्याने एक खोटं ट्यूलिपचं फूल ठेवलं होतं, त्याचं पानही म्हणे त्याने पांढरं रंगवून टाकलं होतं. आणि अशा माणसासमोर १९२४च्या सुमारास डूसबर्ग तिरक्या रेषा घेऊन आला. उभी-आडवी रेष ठाण मांडून बसते, तिरकीला गती असते, असं त्याचं म्हणणं. माँद्रियानने संबंध तोडले.

जाणकार सांगतात की भांडणाला इतरही कंगोरे होते. असणारच. कुठल्याही भांडणात रेष हे निमित्त असतं आणि मूळ दुखणं ‘मला आधी विचारलं का नाही’ हे असतं. तरी मला मजा वाटते ती माँद्रियानच्या पळवाटेची. त्याची काही चित्रं पाहा, अख्खा कॅनव्हासच त्याने पंचेचाळीस अंशांत फिरवून शंकरपाळ्यासारखा टांगलाय. आतल्या रेषा मात्र ओळंब्यात. म्हणजे चौकट तिरकी झालेली चालेल, रेष नाही. आपल्याकडच्या उपासाच्या फराळाची आठवण होते, पण ते असो. दोघांची पुढे एका कॅफेत अचानक गाठ पडली आणि बोलणं पुन्हा सुरू झालं, हे ऐकून मला हायसं वाटलं होतं.

माँद्रियानच्या नशिबात याहून मोठा विनोद होता. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये असताना त्याने रंगीत चिकटपट्ट्या कॅनव्हासवर लावून एक चित्र करायला घेतलं, ‘न्यूयॉर्क सिटी १’. पट्ट्या काढायच्या, पुन्हा लावायच्या, जरा सरकवायच्या, असं चाललं होतं. ते पुरं व्हायच्या आतच, १९४४ साली, तो गेला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते भिंतीवर लागलं, आणि १९८० पासून ते जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात आहे. २०२२ साली तिथल्याच एका अभ्यासक बाईंच्या लक्षात आलं, की पट्ट्यांची दाटी खालच्या बाजूला आहे, ती खरं तर वर असायला हवी. माँद्रियानच्या स्टुडिओचा जुना फोटो काढून पाहिला, तर घोडीवर चित्र बरोबर उलटं उभं. म्हणजे जवळजवळ सत्याहत्तर वर्षं हे चित्र खाली डोकं वर पाय करून टांगलेलं होतं. त्याच्यासमोर केवढे जाणकार उभे राहिले असतील, हनुवटीला हात लावून त्याच्या समतोलाविषयी केवढं बोलले असतील! आता सुलटं करावं म्हटलं तर जुना डिंक वाळलेला. फिरवलं तर पट्ट्या सुटून खाली येतील. तेव्हा राहू दे तसंच, असं ठरलं. एखादी चूक पुरेशी जुनी झाली की तिला धक्का लावणं धोक्याचं असतं, हे आपल्याला कुठलंही सरकारी दप्तर शिकवतं. इथे ते कलेच्या इतिहासाने शिकवलं.

आणि चित्र सुलटं लागो की उलटं, माँद्रियान तोवर भिंतीवरून उतरून बाजारात गेलेला होता. १९६५ साली पॅरिसमध्ये ईव्ह सँ लोराँने त्याच्या चौकटी थेट बायकांच्या झग्यांवर उतरवल्या. नंतर केसांना लावायच्या फेसाच्या डब्यांवर त्या आल्या. पुढे फोनच्या पडद्यावर रंगीत फरशा बसवल्यासारखे चौकोन आले. ते कुणी माँद्रियान समोर ठेवूनच काढले असं नाही. पण चौकोनात सपाट रंग भरला की ते ‘आधुनिक’ दिसतं, हे आपल्या डोळ्यांना कुणीतरी आधी शिकवून ठेवलेलं होतं. २०१३ पर्यंत आयपॅडच्या कॅलेंडरवर खोटं चामडं आणि त्यावर खोटी शिवण असे. त्या वर्षी ती एका रात्रीत उसवली गेली आणि सगळं सपाट झालं. लोक म्हणाले, काय नवीन आहे! नव्वद वर्षांपूर्वीचंच होतं.

या रेषा-चौकोनवाल्या मंडळींच्या घोषणा वाचल्या की धडकी भरते. रशियात कझिमिर मालेविचने १९१५च्या डिसेंबरात पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात एक काळा चौकोन लावला. तोही छताजवळच्या कोपऱ्यात, जिथे रशियन घरात देवाची तसबीर असते. चित्रकलेची शून्यापासून सुरुवात, असा त्याचा आव. रोदचेन्कोने १९२१ साली तीन कॅनव्हास नुसते रंगवले, एक लाल, एक पिवळा, एक निळा, आणि चित्रकला संपली असं जाहीर केलं. कला संपल्यावर माणसाने करायचं काय? रोदचेन्कोने जाहिराती करायला घेतल्या.

मला या गोष्टीत सगळ्यांत प्रिय भाग हाच आहे. १९२३ पासून रोदचेन्को आणि कवी मायाकोव्स्की या जोडीने सोव्हिएत सरकारी कारखान्यांच्या जाहिराती केल्या. बिस्किटं, रबरी बूट, कोको. आणि लहान मुलांची चोखणी! त्या चोखण्यांच्या जाहिरातीत एक भौमितिक पोर आहे, त्याच्या तोंडातून सगळ्या दिशांना चोखण्या बाहेर आल्यात, आणि मायाकोव्स्कीने हमी दिलीये की म्हातारपणापर्यंत चोखत राहावंसं वाटेल असा हा माल. क्रांतीचा महाकवी आणि चित्रकलेचा अंत घोषित करणारा चित्रकार एका चोखणीवर डोकं लावून बसलेत, हे दृश्य कुणाला केविलवाणं वाटेल. मला नाही वाटत. चित्र पाहायला संग्रहालयात जावं लागतं. चोखणी घरी येते.

कवीने जाहिरातीत काम करणं आपल्याला तरी नवीन वाटू नये. अरुण कोलटकर जे. जे.मध्ये शिकले आणि आयुष्यभर जाहिरातीच्या जगात कला-दिग्दर्शक म्हणून नाणावले. मॉस्कोत ज्याला दोन माणसं लागली, ते मुंबईत एकाच झोळीत होतं.

जर्मनीतल्या बाउहाउसबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी फक्त लसणाबद्दल लिहीन. १९१९ साली वाल्टर ग्रोपियसने वायमारमध्ये ही शाळा काढली. तिथला पायाभूत अभ्यासक्रम शिकवणारा योहानेस इटेन हा टक्कल केलेला, अंगात झगा घालणारा, एका पंथाचा निष्ठावंत अनुयायी. वर्गात आधी श्वासाचे व्यायाम, मग चित्रकला. आणि खाणावळीत लसूण घातलेला भाज्यांचा लगदा. ज्या शाळेच्या नावाने आज स्वच्छ, निर्गंध, पांढऱ्याशुभ्र डिझाइनची शपथ घेतली जाते, तिच्या सुरुवातीच्या वर्षांत विद्यार्थी लांबूनच ओळखू येत. तिथेच चित्रकार कांडिन्स्कीने एक प्रश्नपत्रिका वाटली होती: त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ यांना लाल, पिवळा, निळा यांतले रंग द्या. अपेक्षित उत्तर, पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळं वर्तुळ. का, ते त्याने फार गंभीरपणे सांगितलंय. माझं उत्तर चुकलं असतं. समोशामुळे त्रिकोण मला कायम तपकिरी वाटत आलाय.

तिथला हर्बर्ट बायर विद्यार्थी असतानाच १९२३ साली त्याच्याकडे थुरिंजिया राज्याच्या नोटांचं काम आलं. नोट दहा लाख मार्कांची, वीस लाखांची. महागाई अशी, की आकडा ठरवून नोट छापेपर्यंत तो अपुरा पडायचा. ठळक अक्षरं, सरळ पट्ट्या, नक्षी नाही. वेलबुट्टीला उसंत होती कुणाला? पुढे याच बायरने मोठ्या लिपीची अक्षरं रद्दच करा असं मांडलं. बोलताना आपण मोठी लिपी बोलतो का? मग लिहिता कशाला? जर्मन भाषेत प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, त्यामुळे हे म्हणजे सगळ्या नामांची पदावनती. आपल्या देवनागरीला मोठी-छोटी लिपी मुळातच नाही, हे त्याला कुणी सांगितलं असतं, तर बिचारा सुखावला असता. बायरच्या अक्षरांवरून १९७५ साली अमेरिकेत एक टाइपफेस निघाला, त्याचं भावंड ‘बाउहाउस ९३’ नावाने घराघरातल्या कंप्यूटरमध्ये पोचलं, आणि आज ब्यूटी पार्लरच्या पाटीवर इंग्रजी नाव गुबगुबीत गोल अक्षरांत दिसलं की समजावं, वायमारच्या लसणाचा वास इथवर आला.

थोडा शास्त्रशुद्ध वारसाही आपल्याकडे आहे. बाउहाउसचा विद्यार्थी माक्स बिल याने सहकाऱ्यांसोबत १९५३ साली उल्म इथे शाळा काढली. तिथे मुंबईच्या जे. जे.चे सुधाकर नाडकर्णी शिकले. आणि १९६९ साली पवईत आयआयटीत सुरू झालेल्या आयडीसी या डिझाइन केंद्राच्या उभारणीत ते होते. ही साखळी कागदोपत्री दाखवता येते.

फ्लेक्सच्या दुकानाची वंशावळ मात्र कुणी जोडलेली नाही. सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचा सहा बाय तीनचा बॅनर करायचा म्हणून कमिटीने मला पाठवलं होतं. नाक्यावरच्या दुकानात बारीकसा एसी, मागे मशीनची घरघर, सॉल्व्हंट शाईचा उग्र दर्प, आणि कोरल ड्रॉ उघडून बसलेला पंचविशीतला ऑपरेटर. मी मॅटर दिलं. त्याने ‘स्नेहसंमेलन’वर एकदा क्लिक केलं, पुन्हा एकदा क्लिक केलं, भोवतीचे बाण बदलले, आणि एक बाण धरून सगळं अक्षर वर ओढलं. जोडशब्द चढणीला लागला.

मी म्हटलं, “सरळच ठेव ना.”

“सरळ ठेवलं की बसल्यासारखं दिसतं, काका. तिरकं केलं की कसं, चाललंय असं वाटतं.”

मी गप्प. शंभर वर्षांपूर्वी डूसबर्गने हेच सांगायला किती लेख लिहिले होते! याने ते माउस न सोडता सांगितलं. मग त्याने कोपऱ्यातून एक लाल पाचर आणली, तिचं टोक बरोबर ‘स्नेहा’त घुसवलं. एल लिसित्स्कीचं १९१९च्या सुमाराचं पोस्टर आहे, त्यात लाल त्रिकोण पांढऱ्या वर्तुळात असाच घुसतो. लाल म्हणजे क्रांतिसेना, पांढरं म्हणजे तिचे शत्रू. आमच्या सोसायटीत शत्रू म्हटलं तर फक्त ‘बी’ विंग. तरी मी पाचर राहू दिली.

नव्या टायपोग्राफीचा धर्मग्रंथ लिहिणारा यान चिखोल्ड इथे असता तर काय म्हणाला असता, असं मनात आलं. १९२८ साली, सव्विसाव्या वर्षी, त्याने मधोमध जुळवलेली ओळ म्हणजे जुनाटपणा असं बजावलं होतं. नाझींनी त्याला अटक केली, सुटून तो स्वित्झर्लंडला गेला, आणि तिथे विचार करता करता त्याला वाटू लागलं की आपल्याच नियमांच्या हट्टाला हुकूमशाहीचा दर्प येतोय. माक्स बिल त्याच्यावर चांगलाच उखडला. चिखोल्ड १९४७ साली इंग्लंडला पेंग्विनमध्ये जाऊन पुस्तकांची मुखपृष्ठं शांतपणे मधोमध जुळवत बसला. मला त्याच्याबद्दल अतोनात आदर आहे. तरुणपणी नियम मोडणारे पुष्कळ; स्वतःचाच नियम मोडायला उतरती वर्षं खर्ची घालणारे थोडे.

“काका, साहेबांचा फोटो कुठे टाकू?”

कुठले साहेब, हे विचारावं लागत नाही. त्याच्याकडे प्रभागातल्या सगळ्या साहेबांचे फोटो आधीच कापून तयार असतात, हात जोडलेले, चालताना, मोबाइल कानाला लावलेले. कुणाचा चेहरा किती मोठा, यावर फोनाफोनी होते. मी पडद्याकडे पाहिलं. वरचा उजवा कोपरा मोकळा होता.

“तिथे, वर,” मी म्हणालो, “आणि जरा मोठा घे. मंडपाचा खर्च त्यांचा आहे.”